शनिवारची खिचडी, रविवारची मॅरेथॉन

मंडळाच्या दिनदर्शिकेत मॅरेथॉन छापलेली नसते. गुढीपाडवा, गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, वार्षिक सर्वसाधारण सभा, एवढंच असतं. पण दिवाळीचा फराळ संपला, बडोद्यात सकाळी स्वेटर निघाले, की जिन्यात, भाजीच्या लारीवर, मंडळाच्या दारात एकच चौकशी सुरू होते, "यंदा मॅरेथॉन कोणत्या रविवारी गं?" तारीख कळली की आदल्या शनिवारी मंडळात खिचडी-कढी ठरलेलीच.

हे सगळं माझ्या लेकापासून सुरू झालं असं मी म्हणते. मंडळातल्या आणखी तिघी-चौघी आपापल्या मुलांचं नाव घेतात, आणि त्यांचंही खरंच आहे. माझा मुलगा त्या वर्षी पहिल्यांदा अर्धी मॅरेथॉन धावणार होता. २१ किलोमीटर आणि वर शंभराला थोडे कमी मीटर. मी आणि जाऊबाई पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. वाजवायला घरून स्टीलचं ताट आणि डाव नेला होता. चांगले दोन तास थांबलो आणि तो समोरून गेला जेमतेम दहा सेकंदांत. "आई!" म्हणाला, हात वर केला आणि वळणाआड गेला.

पण त्या दोन तासांत आम्ही ताट वाजवायचं थांबलोच नव्हतो. ज्यांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं अशा शेकडो माणसांसाठी वाजवत होतो. माझ्याच वयाच्या एक बाई, पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या, धावता धावता आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवून गेल्या. मुलगा गेल्यावरही आम्ही तासभर तिथेच. घरी येताना रिक्षात जाऊबाई म्हणाल्या, "आपलं पोर गेल्यावर निघायचं ठरलं होतं ना आपलं? मग थांबलो कशाला?" आमचे दोघींचे घसे बसले होते आणि आम्ही नुसत्या हसत होतो.

पुढच्या सभेत मी हा विषय काढला. मॅरेथॉनला स्वयंसेवक लागतातच. पाण्याचं एक टेबल आपल्या मंडळाने घ्यावं, असं ठरलं.

इथे मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानात नोकरीला म्हणून कितीतरी मराठी कुटुंबं आली आणि बडोदेकर झाली. आमच्या आजेसासऱ्यांची गोष्ट तीच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतून मराठी ऐकू यायचं. आता वाडे पडून फ्लॅट झाले, मुलं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला गेली. मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या शंभर मांडल्या तरी माणसं तीच चाळीस, आणि त्यातली निम्मी एकमेकांची व्याही. मॅरेथॉनच्या शनिवारी मात्र सभागृहात पाय ठेवायला जागा नसते. गुजराती सुना येतात, त्यांच्या माहेरची माणसं येतात, समोरच्या सोसायटीतले मल्याळी काका येतात, मुलांचे कॉलेजचे मित्र येतात. मंडळ ज्या दिवशी साऱ्या गावाचं होतं असा तो एकच दिवस आहे, आणि मला तो गणपतीइतकाच प्रिय आहे. हे मी सभेतही बोलले होते.

शनिवारची संध्याकाळ म्हणजे निम्मं काम आणि निम्मं स्नेहसंमेलन. सतरंजीवर बसून एकीकडे संत्री पुसायची, गुळाचे खडे फोडायचे, मिठाच्या पुड्या बांधायच्या. मुलं कागदी पेल्यांच्या थप्प्या मोजत असतात. स्वयंपाकघरातून कढीच्या फोडणीचा वास येतो. तेवढ्यात भूगोलाचे सर उठून भिंतीशी उभे राहायचे आणि सगळे आपोआप गप्प व्हायचे. सरांची गोष्ट दरवर्षी तीच असे, तरी लहान मुलं ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी पुढे सरकून बसत.

गोष्ट १९०८च्या लंडन ऑलिंपिकची. मॅरेथॉनचं अंतर आज ४२ किलोमीटर १९५ मीटर असं विचित्र का आहे, तर त्या वर्षी शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची होती. ते अंतर तेवढं भरलं. १९२१ साली तेच कायमचं ठरलं. त्या शर्यतीत दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू सगळ्यांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला, पण इतका थकलेला की उलट्या दिशेला वळला. पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी त्याला धरून रेषेपार नेलं, आणि दुसऱ्याने मदत केली म्हणून त्याचा पहिला नंबर गेला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने दोरांदोला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला.

"म्हणून उद्या काय करायचं?" सर विचारत. मुलं एका सुरात ओरडत, "पाणी द्यायचं, हात धरायचा नाही!" मग मंडळातल्या डॉक्टरताई उठून सांगत की कुणी खरंच कोसळलं तर नंबरबिंबर विसरायचं, त्याला सावलीत घ्यायचं आणि लगेच वैद्यकीय पथकाला हाक मारायची.

सर आता नाहीत. गेली दोन वर्षं त्यांची नात ती गोष्ट सांगते. "उलट्या दिशेला वळला" म्हणताना ती स्वतः गर्रकन वळते. सरही असेच वळायचे.

मग रंगीत तालीम. सभागृहाच्या एका टोकाकडून मुलं पळत येतात आणि आम्ही ओळीने उभं राहून त्यांना पाणी देतो. पाणी देणं ही शिकायची गोष्ट आहे, हे मला त्याआधी ठाऊकच नव्हतं. पेला काठोकाठ भरला तर धावणाऱ्याच्या नाकात जातो, म्हणून अर्ध्याहून थोडा जास्त, एवढाच भरायचा. काठाला वरून दोन बोटांनी धरायचा, म्हणजे त्याला मधला भाग मोकळा मिळतो. हात लांब करून दोन पावलं त्याच्याबरोबर चालायचं आणि त्याची पकड जाणवली की सोडायचं. सगळे पहिल्याच टेबलावर गर्दी करतात, म्हणून तिथल्याने ओरडायचं, "पुढेही आहे, पुढेही आहे!" आणि एक नियम अगदी कडक: "आता थोडंच राहिलंय" असं खोटं म्हणायचं नाही. तिसाव्या किलोमीटरवर बारा किलोमीटर बाकी असतात. त्या माणसाला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

रविवारी साडेतीनला उठायचं. नवलखी मैदानावर धावणाऱ्यांची जत्रा भरते, पण ती आम्ही क्वचितच पाहिली आहे. आमची जागा मैदानापासून लांब, शहर विरळ होतं तिथे. मार्ग बदलला की थांबाही बदलतो. पूर्ण मॅरेथॉनवाले अंधारात सुटतात, त्यांच्यामागून अर्धीवाले, मग १० किलोमीटरवाले, आणि उजाडल्यावर ५ किलोमीटरची सगळी जनता, आजोबा-नातवंडांसकट. दिव्यांग स्पर्धकांची धाव असते तिकडे आमच्यातल्या दोघी दरवर्षी मुद्दाम जातात. दृष्टिहीन मुलगा आणि त्याचा सोबती मनगटांना एकच दोरी बांधून पावलाला पाऊल मिळवत जातात, ते पाहिल्यावर दिवसभर दुसरं काही सुचत नाही, असं त्या सांगतात.

आमच्या थांब्यावर आधी फक्त धुकं असतं. थर्मासमधला चहा, शालींत गुंडाळलेल्या मावश्या, ढोल शेकणारी पोरं. लेझीम असतेच. बडोदं हे तालमींचं गाव, प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलंच, आणि व्यायामावरचा मराठी ज्ञानकोश दहा खंडांत याच शहरात तयार झाला. लेझीम आमच्या हाताला शोभते असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

मग लांबून मोटरसायकलचा दिवा दिसतो. पुढचे धावपटू येतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज जवळजवळ होतच नाही, फक्त श्वास ऐकू येतो. आमच्या टेबलाकडे ते बघतही नाहीत, आणि एका क्षणात नाहीसे होतात. भारतात शिवनाथ सिंगांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली होती, आणि तो विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. हे आकडे मला लेकाने सांगितलेले. पण तो वेग म्हणजे काय, ते रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावरच कळलं.

खरं काम त्यांच्यानंतर. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर नाव छापलेलं असतं. आमच्यात एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिचे डोळे तीक्ष्ण. ती स्टुलावर उभी राहून लांबूनच नाव वाचते आणि आम्ही सगळ्या मिळून त्या नावाने हाक मारतो. गुजराती नाव असलं की "चालो भाई, चालो!", बाई असली की "शाब्बास बेन!" अनोळखी जागी, तीस किलोमीटर धावून आल्यावर, वीस बायका आपल्या नावाने हाका मारताहेत हे कळलं की माणसाचा चेहरा कसा बदलतो! आधी गोंधळतो, मग स्वतःच्या छातीकडे बघतो, मग हसतो. ते हसू बघायला मी साडेतीनला उठते.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे मात्र हसू कमी होत जातं. डॉक्टरताईंनी आम्हाला समजावलं आहे: स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पुरते. मग पाय शिशाचे होतात. धावणारे त्याला 'भिंत' म्हणतात. त्यातून घामाने मीठ गेलेलं असतं, आणि नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. म्हणून गूळ, म्हणून मिठाच्या पुड्या, म्हणून सोललेल्या संत्र्याच्या फोडी. गुळाचा खडा तळहातावर ठेवून पुढे केला की तरुण मुलंही लहान मुलांसारखी तो ओठांनीच उचलतात.

सगळं आटोपल्यावर पेले गोळा करायचे, पोती बांधायची, रस्ता झाडायचा आणि मग सेव-उसळ. तर्रीदार, वर कच्चा कांदा, तोंड भाजेपर्यंत गरम. त्यावर वेगळा लेख होईल.

एक वर्ष मात्र राहून राहून आठवतं. पाण्याचे जार घेऊन येणारी गाडी आलीच नाही. फोन लागेना. पहिले धावणारे तासाभरात येणार आणि टेबलावर पाचशे पेले कोरडे. आम्ही रडवेल्या झालो होतो. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी खुर्चीतून उठल्या आणि समोरच्या सोसायटीत शिरून पहिल्याच घराची बेल वाजवली. ओळख ना पाळख. "बेन, पाणी हवंय. धावणाऱ्यांना द्यायचंय." पाच मिनिटांत जिन्यावरून घागरी उतरू लागल्या. कुणी माठ, कुणी कळशी, कुणी फ्रिजमधल्या बाटल्या, एका घरातून तर लग्नातलं पितळी पिंप. नाइट ड्रेसमधली माणसं ओळ करून पाणी पोचवू लागली, आणि मग कुणीच घरी परत गेलं नाही. तिथेच उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. आज त्या सोसायटीतली सात घरं शनिवारच्या खिचडीला असतात.

त्या दिवशी पेलेही अपुरे पडले. ऊन चढलं, रस्ता रिकामा झाला. ढोल टेम्पोत चढले, लेझिमी गोणीत गेल्या. तेव्हा लांबून एक गृहस्थ येताना दिसले. सत्तरीचे असावेत. पांढरी टोपी, अंगावर मिठाचे पांढरे ओघळ, मागून सावकाश येणारी रुग्णवाहिका. धावत नव्हते, पण चालतही नव्हते. त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी. टेबलाशी आले आणि थांबले. पेला नव्हता. आजींचा तांब्या होता, त्यात माठातलं पाणी. मी तो उचलला. त्यांनी काही न बोलता वाकून ओंजळ केली, आणि पंगतीला हात धुवायला घालावं तसं मी पाणी ओतत राहिले. घोट घेताना त्यांचे हात थरथरत होते, पण ओंजळीतून थेंब गळला नाही. पोटभर प्याले. मग उरलेला ओला हात डोळ्यांवरून, मानेवरून फिरवला आणि म्हणाले, "माठाचं आहे." मराठीत.

"हो," म्हटलं, "माठाचं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पाऊल उचललं. ताशा वाजवणारा मुलगा टेम्पोच्या फाळक्यावर बसला होता. तो खाली उतरला, ताशाची गुंडाळलेली दोरी सोडवून गळ्यात अडकवली, आणि त्यांच्या पावलाच्या चालीने, तेवढ्याच सावकाश, वाजवत त्यांच्या शेजारून चालू लागला. दोघं वळणावरून दिसेनासे झाले. ताशा त्यानंतरही बराच वेळ ऐकू येत होता.