पदाच्या अलीकडची ओळ

शनिवार, रात्री

तालमीतली आजची जवळजवळ सगळी संध्याकाळ एकाच जागेवर गेली. 'सौभद्र' नाटकात सुभद्रेचं गद्य संपतं आणि पद सुरू होतं, ती जागा. ऑर्गनवाले काका तिच्या शेवटच्या शब्दांखालीच सूर धरतात. नटीनं बोलता बोलता त्या सुरात शिरायचं. घसा खाकरायला थांबायचं नाही. आमच्या नव्या सुभद्रेचा गळा गोड, ख्यालाची तयारीही चांगली. पण पद आलं की डोळे मिटतात, हात मांडीवर ताल धरू बघतो, आणि विरहानं कासावीस झालेली मुलगी निघून जाते. उरते ती मैफलीतली गाणारी. मला ते बघवत नाही. तान घे, पण सुभद्रेला ती का घ्यावीशी वाटली ते आधी ठरव, असं तिला म्हटलं.

सुभद्रेची सखी कुसुमावती तर याहून अवघड. मी बरीच वर्षं केली. वन्समोर येतो, तेच पद पुन्हा सुरू होतं, आणि सखीनं ते पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं ऐकायचं! तिची नजर विंगेत गेली की समोरच्या गाण्यातला जीव गेलाच.

चहाच्या वेळी ह्या नव्या सुभद्रेनं, पोरीनं, विचारलं, "मावशी, ह्याच्यावर पोट भरतंय काय हो?"

नाही भरत, असं सरळ सांगितलं. खोटी आशा कशाला लावायची? बिऱ्हाड घेऊन गावोगाव मुक्काम टाकणाऱ्या पगारी नाटक कंपन्या गेल्या. त्या होत्या तेव्हाही सुख कुठं होतं? बालगंधर्वांएवढ्या नटाच्या डोक्यावर कंपनीचं कर्ज चढलं होतं. गायक नट केशवराव भोसल्यांनी १९०८ साली आपल्या शेजारच्या हुबळीत 'ललितकलादर्श' ही कंपनी काढली, तेव्हा ते विशीतही नव्हते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी केशवराव गेले. एकतिसाव्या वर्षी. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

मग तिला अण्णासाहेब किर्लोस्कर सांगितले. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, सौंदत्तीकडचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. दिवसा कागद, रात्री तालीम. मराठी संगीत नाटक उभं राहिलं ते असं. तेव्हा बी.कॉम. पूर्ण कर, नोकरी धर, त्यात कमीपणा काही नाही. फक्त रियाज नोकरीतून उरलेल्या वेळेचा नको. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, चुकला की तिसऱ्या अंकात गळा ते सांगतोच, आणि आपले प्रेक्षक कान देऊन बसलेले असतात. इथं घरी कानडी बोलणारी माणसंही नाट्यपदाची जागा बरोबर ओळखतात. विजापूरकडच्या गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांसमोर उभं राहून मराठी पदं गायल्या, तो याच मुलखाचा कान.

माझा स्वर पेटीच्या काळी पाचवरून खाली काळी चारवर आलाय. सुभद्रा आता माझ्याकडून होणार नाही, पण रुक्मिणी अजून होईल. काकांना उद्या तिची पदं काळी चारमध्ये बसवायला सांगणार आहे.