साडेचारचं पाणी

शेततळ्यातले मासे काढून द्यायचं माझं काम. जामनेर, पारोळा, भुसावळकडे माझी फिरती असते. मे महिन्यात तळ्याच्या प्लास्टिकच्या पन्नीवर अनवाणी उभं राहवत नाही, त्यामुळे जाळं पहाटेच ओढायचं, हा आमचा रिवाज. त्यात मी एकदा कुल्लूजवळ पतलीकुहलला ट्राउट पाहून आलेलो. ते बर्फाचं पाणी, अन् २० अंशांच्या वर गेलं की तो मासा खाणंही सोडतो. तेव्हापासून डोक्यात एकच बसलं, पाणी गार तेवढं माशाला बरं.

त्या दिवशी साडेचारला थर्मामीटर टाकला. ३० अंश. दुपारी तेच पाणी ३५ ला जातं, म्हणजे आत्ताच काढू. तळं हिरवंगार, नुसतं शेवाळ. बॅटरी मारली तर कटला मासे काठाकाठानं तोंडं वर काढून हवा गिळत होते. मला ते दिसलं. हे लिहितोय ते त्यामुळेच. व्यापाऱ्याची गाडी बर्फ भरून उभी, त्याचा हॉर्न सुरू, आणि व्यापाऱ्याला घाई असते ती नेहमी दुसऱ्याच्या मालाची.

जाळं अर्ध्यावर आलं तसे मासे कुशीवर पडायला लागले. तळाचा गाळ वर आला, वास सुटला. शेतकऱ्याचा पोरगा ओरडला, "आप्पा, मासा मरी राहिनात!"

२० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला जेमतेम ७. आणि पाणी गरम तशी आपल्याकडच्या माशाची भूक, दम, सगळंच वाढतं. त्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच खातं. म्हणजे हिरव्या तळ्यात सर्वांत गार वेळ तीच सर्वांत गुदमरलेली वेळ. बर्फाच्या ओढ्याचा नियम मी इथं आणून लावला होता. पाण्यात हवा मिसळणारा एरेटर होता तळ्यावर, पण रात्री लाईट नव्हती. ते विचारायचं राहिलं माझं.

अडीच क्विंटल माल मेलेल्या भावात गेला. शेतकरी एक शब्द बोलला नाही, चहा मात्र दिला. तो चहा जास्त लागला.

आता पाणी हिरवं असलं तर आदल्या रात्रीपासून एरेटर सुरू नसेल तोवर जाळं गाडीतून उतरवत नाही. तो व्यापारी परवा फोनवर, "उद्या चारला ये." मी म्हटलं, आधी पाणी बघतो. तर म्हणाला, "पाण्यात काय बघायचं? पाणीच ते."