तान्हा पोळा, रात्री साडेदहा

पाय अजून ठणकून राहिले आहेत. इतवारी ते महाल, आणि तेही मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत. पण भाची सुटीवर आलेली. ती मुंबईत इलस्ट्रेशन शिकते आणि तिला म्हणे नागपूरचं स्ट्रीट आर्ट पाहायचं होतं. मी परवाच सांगून टाकलं होतं, "बाई, आपल्या इकडं तसलं काही नाही. उड्डाणपुलाखाली वारली काढली आहे, ती पाहा नि घरी ये."

वारलीवर माझा राग नाही. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकाराने ती झोपडीच्या भिंतीवरून जगभर नेली. पण वारल्यांचं पालघर कुठे नि नागपूर कुठे! कोणतीही सरकारी भिंत मोकळी दिसली की गेरूच्या रंगावर तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी तीच पांढरी माणसं. विदर्भात गोंड आहेत, कोरकू आहेत, त्यांची आठवण कंत्राट देताना कुणाला होत नसावी. भाचीने पुलाखाली एकही फोटो काढला नाही. मला जरा बरंच वाटलं.

काल रात्री जेवताना तिने फोनवर दिल्लीची लोधी कॉलनी दाखवली. साध्या सरकारी क्वार्टर्सच्या अख्ख्या भिंती रंगवल्या आहेत, देशोदेशीच्या चित्रकारांनी. 'स्टार्ट इंडिया' नावाची संस्था हे काम करते. तिच्या संस्थापकांपैकी एक हनीफ कुरेशी. या माणसाने गावोगावच्या पेंटरांची हाताने लिहिलेली अक्षरं जमवली आणि त्यांचे कॉम्प्युटरवर चालणारे फॉन्ट केले. २०२४ मध्ये तो गेला. भिंती छान होत्या, पण मी अडकले ती या अक्षरांपाशी.

कारण आमच्या गल्लीत एक पेंटर काका होते. शाळेतून येताना मी त्यांच्यापाशी उभी राहायची. खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधोमध उचलून सोडायचे. फट्! पत्र्यावर सरळ रेघ. मग शिरोरेषा आणि तिला एकेक अक्षर लटकवत जायचं. 'किराणा'मधल्या 'णा'चा काना ते असा ओढायचे की ब्रश शेवटी आपोआप टोकदार होऊन उचलला जाई. एनामलचा वास, टर्पेंटाइनचा वास. पुढे फ्लेक्स आला. काकांनी काही वर्षं गाड्यांच्या नंबर प्लेटी केल्या, मग तेही सुटलं. मी तेव्हा त्याबद्दल जराही हळहळले नव्हते, हे लिहून ठेवलं पाहिजे. फ्लेक्स स्वस्त होता आणि फोटो छान यायचा.

आज सकाळी आधी मूर्तिकारांच्या चितार ओळीत गेलो. चार दिवसांवर गणपती, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही. पांढऱ्याफटक मूर्ती रांगेने, काही अर्ध्या रंगलेल्या. एक म्हातारे चितारी फक्त डोळे आखत होते. बाकीचं काम पोरांकडे, डोळे यांच्याकडे. श्वास धरायचा, रेघ ओढायची, मग सोडायचा. भाची तासभर हलली नाही. "मावशी, मला ही एक रेघ दोन वर्षांत जमली नाही," म्हणाली. मी एवढ्यात दोनदा चहा पिऊन आले.

मग मारबत. बाईचे दोन मोठे पुतळे, काळी आणि पिवळी, दोघी इतवारीत समोरासमोर येतात तेव्हा जो गलका होतो तो लिहून सांगण्यातला नाही. लहान असताना बाबांच्या खांद्यावरून पाहायची. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बांकाबाई, असं लोक सांगतात. म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून हे गाव राग आला की बांबू नि कागदाची बाई करून तिला रस्त्यावर फिरवून राहिलं आहे. आणि मागे बडगे, गावाला छळणाऱ्या गोष्टींची टर उडवणारे पुरुषी पुतळे! यंदा खड्ड्यांचा बडग्या होता, पेपरफुटीचा होता. एकाचं तोंडच मोबाइलचं केलेलं आणि हातापायांना चार्जरच्या वायरी गुंडाळलेल्या. गळ्यात पुठ्ठा, त्यावर हाताने लिहिलेलं, "घेऊन जा गे मारबत!" अक्षरं वाकडी, जागा न पुरल्यामुळे 'मारबत' कोपऱ्यात दाटीने कोंबलेलं. भाची ओरडली, "मावशी, लेटरिंग पाहा न!" मी पन्नास वर्षं तो पुठ्ठा नुसता वाचत आले होते.

तेवढ्यात मागून दोन-तीन बडगे आले, त्यांना डिजिटल प्रिंटचे बॅनर टांगलेले, खाली सौजन्य म्हणून पाच-सहा फोटो. तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, हेही नागपूरच आहे, याचाही फोटो काढ.

मोबाइलवाल्या बडग्याच्या पोरांना तिने विचारलं, किती दिवस लागले? पंधरा. मग आज जाळायला जिवावर नाही येत? त्यातला एक तिच्याकडे पाहतच राहिला. "जाळाले नाही त मंग कायले बनवला, ताई?"

घरी येताना तिने दीडशे रुपयांचा छोटा लाकडी नंदी घेतला, चाकं लावलेला, शिंगांना बेगड. आणि वयाची वीस वर्षं झाली तरी माझ्याकडून बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे, वसूल केला. लोधीची भिंत काही वर्षं तरी राहते. आजचा तो मोबाइलतोंड्या एव्हाना राख झाला असेल. यातलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही. एवढं मात्र खरं, की दुपारी मी आपण होऊन चार फोटो काढले, आणि चारही हलले आहेत.

आत्ता ती फरशीवर बसली आहे. माझ्या शिलाईच्या डब्यातला दोरा घेतला आहे, खडू नव्हता म्हणून रांगोळीत बुडवला आहे. फट्, फट् चाललं आहे मघापासून. उद्या फरशी कोण पुसणार, ते विचारायचं आहे.