सुपारीच्या बेटावर

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

क्वालालंपूरहून निघालेली गाडी चार-सव्वाचार तासांत बटरवर्थला पोहोचली आणि आम्ही पाठीवरच्या सॅक सावरत फेरीच्या धक्क्यावर आलो. पिनांग बेटाला १९८५ पासून पूल आहे, २०१४ मध्ये दुसराही झाला, पण बेटावर पहिल्यांदा जाताना पाण्यावरूनच जावे, हा आमचा दोघांचा हट्ट होता. पिनांग म्हणजे मलय भाषेत सुपारी. येथील राज्याच्या ध्वजावरही सुपारीचेच झाड आहे. माझे माहेर मालवणकडचे आणि घरामागे पोफळीची बाग, त्यामुळे फेरीतून समोरचे बेट जवळ येत असताना, सुपारीच्या नावाचे बेट म्हणजे आपल्याच गावचे काहीतरी असणार, असे मला उगाचच वाटू लागले. डिसेंबरपासून भारतीयांना मलेशियात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येते, म्हणूनच ही सहल जमली. बेटावरच्या जॉर्जटाउन शहरात तीन रात्री आणि मग थायलंड, असा बेत आहे.

लव्ह लेनवर स्वस्तातली खोली मिळाली आहे. गल्लीचे नाव गोड असले तरी गादीबद्दल मला शंका आहे.

१६ फेब्रुवारी

शंका खरी ठरली. रात्री अडीच वाजता दिवा लावून पाहिले तर उशीच्या शिवणीत ढेकूण होते. सकाळी मालकाला दाखवले तेव्हा त्याने ‘डास चावले असतील’ असे शांतपणे सांगितले आणि उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत द्यायला साफ नकार दिला. सगळे कपडे लॉन्ड्रीच्या गरम ड्रायरमध्ये दोनदा फिरवण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

मग आर्मेनियन स्ट्रीटच्या मागे एका जुन्या दुकान-घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. ही घरे दर्शनी बाजूने खोलीभर रुंद आणि आत मात्र आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब असतात. मध्ये पाऊस आणि उजेड थेट घरात घेणारा चौक असतो, तो पाहून नवऱ्याला वाईजवळचा आजोळचा वाडा आठवला. दारापुढे सलग चालत जाता येईल अशी, सगळ्या घरांची मिळून पाच फुटी पडवी असते. निदान ती तशी असावी, अशी ब्रिटिशांची अपेक्षा होती, कारण आज तिच्यात मोटारसायकली, कुंड्या, धूपदाण्या आणि दुपारची झोप काढणारे म्हातारे असतात. घर चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, होक्कियन ही चिनी बोली बोलणाऱ्या आहेत. येथे सर्वच वयस्कर बायकांना ‘आंटी’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना आंटीच म्हणू लागलो.

संध्याकाळी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकणाऱ्या मलय बाईने नवऱ्याकडे बोट दाखवून मला ‘सुआमी?’ असे विचारले आणि मग माझ्याकडे वळून ‘इस्तेरी’ म्हणाली. स्वामी आणि स्त्री! तीन आठवडे इस्त्रीचे तोंडही न पाहिलेल्या कपड्यांत हा हुद्दा मिळाल्याने आम्ही दोघेही हसलो. मलय भाषेत भाषेला ‘बहासा’, नावाला ‘नामा’, मुखाला ‘मुका’, उपवासाला ‘पुआसा’ म्हणतात आणि सुट्टीला चक्क ‘चुटी’. ओळखीचा चेहरा पण वेगळा पोशाख, असे हे शब्द दिवसभर रस्त्यावर भेटत राहतात.

१७ फेब्रुवारी, मध्यरात्रीनंतर

चिनी नववर्ष गेल्या शनिवारी झाले. पण होक्कियन लोकांचे खरे नववर्ष नवव्या दिवशी, हे आंटींनी दुपारी बजावून सांगितले आणि रात्री च्यू जेटीवर जाण्याची जवळजवळ आज्ञाच केली.

जेटी म्हणजे येथे नुसता धक्का नाही. समुद्रात रोवलेल्या खांबांवर फळ्यांची वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना घरे, अशी ही एकाच आडनावाच्या माणसांची वस्ती असते. च्यूंची जेटी त्यांतली सर्वांत मोठी. तिच्या तोंडाशी लाल कापड घातलेल्या टेबलांची रांगच रांग लागली होती. त्यांवर अननस, कासवाच्या पाठीसारखे ठसे असलेले लाल मऊ पदार्थ आणि अख्खी भाजलेली डुकरे मांडली होती. नवरा शाकाहारी आहे. डुकरांच्या त्या रांगेसमोर तो कमालीच्या सभ्यतेने उभा राहिला आणि सगळा वेळ अननसांचेच फोटो काढत राहिला.

माझे लक्ष मात्र उसाकडे होते. प्रत्येक टेबलाच्या दोन्ही कडांना पानांसकट, माणसापेक्षा उंच ऊस बांधलेले होते. आमच्याकडे तुळशीच्या लग्नात वृंदावनाला जसे बांधतात, अगदी तसेच. त्यांची कथा अशी की, फार पूर्वी चीनच्या फुकिएन प्रांतात शत्रूंनी हल्ला केला तेव्हा होक्कियन लोक उसाच्या मळ्यात लपून वाचले आणि बाहेर आले तो दिवस नववर्षाचा नववा, म्हणजे जेड सम्राटाचा वाढदिवस होता. म्हणून मध्यरात्री आकाशाकडे तोंड करून त्या देवाची पूजा होते आणि शेवटी सोनेरी कागदाच्या ढिगाबरोबर ऊसही जाळतात. उसाचा रस आगीत चरचरला आणि काकवीसारखा वास सुटला, तेव्हा कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाची आठवण होऊन मी नवऱ्याचा हात धरला. फटाक्यांमुळे बोलणे अशक्यच होते.

१९ फेब्रुवारी

काल थायलंडचे तिकीट काढायचे राहून गेले, आणि आज तो विषयच कोणी काढला नाही.

सकाळी मशीद कपितान क्लिंगच्या रस्त्याने चाललो. एका टोकाला १८१८ मध्ये बांधलेले सेंट जॉर्जेस चर्च, त्यापुढे करुणेच्या देवीचे, म्हणजे कुआन यिनचे मंदिर, मागच्या बाजूला क्वीन स्ट्रीटवर १८३३ चे महामारिअम्मन मंदिर आणि पुढे १८०१ मध्ये स्थापन झालेली मशीद. रमतगमत चालले तरी हे सारे पंधरा मिनिटांत होते. पर्यटन खाते याला ‘सलोख्याचा रस्ता’ म्हणते. नाव चांगले आहे, पण मला ते थोडे गुळगुळीत वाटले. ‘क्लिंग’ हा शब्द कलिंगावरून आला आणि येथील दक्षिण भारतीयांना पूर्वी त्या नावाने ओळखत. आज मात्र कोणा भारतीयाला तोंडावर ‘केलिंग’ म्हटले तर तो अपमान समजला जातो. मशिदीच्या नावात तोच शब्द मानाने उभा आहे.

शिवाय याच शहरात १८६७ मध्ये सुमारे दहा दिवस रस्त्यांवर लढाई झाली होती. मला तिच्यातले नवल असे वाटले की, दोन्ही बाजू मिश्र होत्या: घी हिन या चिनी गुप्त मंडळीबरोबर मुस्लिमांची ‘पांढरा बावटा’ ही मंडळी होती आणि तिच्या विरोधातल्या तोआ पेह काँग या चिनी मंडळीबरोबर मुस्लिमांचीच ‘लाल बावटा’. म्हणजे या लोकांनी भांडणेसुद्धा धर्माच्या भिंती ओलांडून केली. सलोख्याच्या पाटीपेक्षा ही माहिती मला या शहराची जास्त ओळख करून देणारी वाटते.

२० फेब्रुवारी

आजचा प्रसंग लिहून ठेवलाच पाहिजे.

रात्री एका कोपितियाममध्ये जेवायला बसलो. कोपितियाम हे कॉफीचे दुकान असते, पण मालक विकतो ती फक्त पेये. बाकी जागेत वेगवेगळे गाडीवाले भाड्याने आपापली चूल मांडतात. कोणी च्यार क्वे त्याव, म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, परततो, कोणी शेवयांचे सूप करतो, आणि आपण कोणाकडूनही मागवून एकाच टेबलावर बसू शकतो. नवऱ्याने ‘मांस नको, मासे नकोत, फक्त भाजी’ असे हातवारे करून नीट सांगितले, विक्रेत्याने मान डोलावली आणि लसूण-मिरचीत परतलेली हिरवीगार कांगकुंगची भाजी आली. त्याने दोन घास आवडीने खाल्ले. तिसरा उचलणार इतक्यात वाफ माझ्याकडे वळली आणि मी त्याचा हात धरला. तो वास ओळखायला मला कोणतीही भाषा लागत नाही: घरच्या तव्यावर भाजलेला जवळा! येथे त्याला आंबवून, कुटून वड्या करतात, त्या वडीला बलाचान म्हणतात आणि ती भाजीत घातली म्हणून भाजी मांसाहारी होते, असे कोणाच्या मनातही येत नाही. विक्रेत्याने फसवले नव्हते. त्याच्या हिशेबी ते मीठच होते.

नवरा काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “छान लागत होती.” मलय भाषेत ‘दोसा’ म्हणजे पाप, हे मी त्याला तेव्हाच सांगितले. उद्या लिटल इंडियात जाऊन त्याचेच प्रायश्चित्त घेऊ, असे ठरले. भाजी मी संपवली.

२२ फेब्रुवारी

आंटींना कालपरवाचा प्रकार कळला तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक चिनी अक्षर मोठ्या आकारात काढून दिले आणि हे ज्या गाडीवर दिसेल तेथेच नवऱ्याने जेवावे, असे सांगितले. ‘चाय’, म्हणजे बौद्ध शाकाहार. त्यात कांदा-लसूणही नसतो, आमच्या चातुर्मासासारखा. आज दुपारी अशा गाडीवर गेलो तर समुद्री शेवाळाची साल लावलेला सोयाचा ‘मासा’ आणि पिसांच्या खुणांसकट ‘बदक’ मांडलेले होते. ज्याने जन्मात मासा खाल्ला नाही, त्याला माशाची नक्कल कशासाठी खायला घालायची, हा नवऱ्याचा प्रश्न मला रास्त वाटला. त्याने भात, टोफू आणि कोबी घेतला.

मी मात्र आसाम लाक्सा शोधून खाल्ले. हा आसाम आपल्याकडचा नव्हे, मलय भाषेत आसाम म्हणजे आंबट. बांगड्याच्या जातीच्या माशाचा दाट आंबट रस्सा, जाड पांढऱ्या तांदळाच्या शेवया, वर अननस, पुदिना आणि रानआल्याच्या गुलाबी कळीचे काप. वाडग्याच्या तळाशी एक काळपट, सुरकुतलेली चकती सापडली. ती चोखली आणि मी थबकले, कारण ती आमसुलाची सख्खी चुलत बहीण होती. येथे तिला आसाम केपिंग म्हणतात. ती आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाच्या फळाची वाळवलेली फोड असते. बांगड्याच्या तिखल्यात आई जे घालते, तेच हजारो कोसांवर दुसऱ्या कोणाची तरी आई घालते. त्यावर जायफळाचे सरबत प्यायले आणि दिवस पुरता कोकणात गेला.

नासी कांदारही काल झाले. कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून भात आणि कालवण विकत फिरत, त्याचे हे नाव. भातावर सगळ्या रश्शांचा ‘बांजिर’, म्हणजे पूर मागायचा असतो. मी मागितला.

एक गोष्ट आता लक्षात येऊ लागली आहे. येथे सगळे सगळ्यांच्या टेबलावर बसत नाहीत. डुकराचे मांस शिजते त्या कोपितियाममध्ये मला मलय कुटुंब दिसले नाही, आणि मशिदीजवळच्या खाणावळीत बिअर मिळत नाही. पण कोण काय खात नाही, केव्हा खात नाही आणि कोणत्या चुलीवरचे खात नाही, हे प्रत्येकाला शेजाऱ्याबद्दल तोंडपाठ असते. मलय पाहुणे येणार असतील तर कोठून काय मागवायचे, हे आंटींना विचार न करता सांगता येते. आम्हा दोघांच्या लग्नाला सहा वर्षे झाली. स्वयंपाकघरात दोन तवे ठेवून आम्ही साधतो ते काही वेगळे नाही.

२३ फेब्रुवारी

पाऊस. दिवसभर चौकात पडणारे पाणी पाहत बसलो. आंटी सांगत होत्या की, पूर्वी या गल्लीत रात्रीही पोरांचा गोंगाट असे. २००० साली भाडेनियंत्रण उठले, भाडी वाढली आणि जुने भाडेकरू पांगले. २००८ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा मान दिला आणि घरांची हॉटेले झाली. मुंबईतल्या पागडीच्या चाळींबद्दल असेच काहीतरी आम्ही घरी बोलत असतो. फरक इतकाच की, येथे रिकाम्या झालेल्या खोलीत सॅक टाकून बसलेले आम्हीच होतो. आंटींना हे बोलून दाखवले तर त्या म्हणाल्या, “तुम्ही निदान चपला बाहेर काढता.”

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज पौर्णिमा, म्हणजे चिनी नववर्षाचा पंधरावा आणि शेवटचा दिवस, चाप गो मे. सकाळी चायच्या गाडीवर ही गर्दी! चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, आपल्या अमावास्या-पौर्णिमेसारखे, अनेकजण शाकाहार पाळतात. आंटीही पाळतात. त्यांनी रांगेतच नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “आज मी तुझ्यासारखी.” नऊ दिवसांत प्रथमच तो बहुमतात होता आणि ते त्याच्या चालण्यातही दिसत होते. आंटींच्या आग्रहाखातर त्याने ‘बदकाचा’ एक तुकडा खाल्ला.

संध्याकाळी समुद्रकाठच्या एस्प्लनेडवर गेलो. लग्न व्हायच्या मुलींनी या रात्री चांगला नवरा मिळावा म्हणून संत्री समुद्रात टाकायची, अशी येथील बाबा-न्योन्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून मलय वळणाच्या झालेल्या चिनी कुटुंबांची जुनी रीत आहे. आता मुली संत्र्यावर फोन नंबरही लिहितात म्हणे, आणि पाण्यात टाकणाऱ्यांत मुलांचीही संख्या कमी नव्हती. मी दोन संत्री घेतली होती. नवऱ्याने विचारले, “तू कशाला टाकतेस?” मी म्हटले, “पावती म्हणून.” एक टाकले. दुसरे आम्ही कठड्यावर बसून सोलून खाल्ले. ते आंबट निघाले.

उद्या सकाळची फेरी. आंटींनी प्रवासासाठी कागदात बांधून काहीतरी दिले आहे आणि त्यावर पेनाने तेच मोठे अक्षर काढले आहे.