इंग्रजी नामवाक्य आणि मराठीचा आधार

इंग्रजी व्याकरणातील नाउन क्लॉज, म्हणजेच नामवाक्य, आपल्याकडे बहुधा तक्त्यातून शिकवले जाते. कर्त्याच्या जागी येणारे, कर्माच्या जागी येणारे, पूरक म्हणून येणारे, प्रीपोझिशननंतर येणारे आणि एखाद्या नामाचा खुलासा करणारे, असे पाच प्रकार विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत ते अचूक ओळखतातही. तेच विद्यार्थी बोलू लागले की नामवाक्यापाशीच अडखळतात. नागपुरात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना माझे असे ठाम मत झाले आहे की, ही अडचण प्रकार न समजल्याची नाही. एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य घालताना मराठी जे करते आणि इंग्रजी जे करते, त्यातील फरक कोणी स्पष्ट करून सांगत नाही, तिथे ती आहे.

मराठीत आतले वाक्य जसेच्या तसे राहते. ‘काटोलची बस केव्हा सुटते?’ हा प्रश्न ‘काटोलची बस केव्हा सुटते हे मला माहीत नाही’ या वाक्यात एका अक्षरानेही बदलत नाही. पुढे ‘हे’ आले की काम झाले. इंग्रजीत मात्र ‘व्हेन डझ द बस लीव्ह?’ हा प्रश्न मोठ्या वाक्यात शिरताच आपले प्रश्नरूप सोडतो. ‘डझ’ निघून जाते, त्याने स्वतःकडे घेतलेला ‘एस’ क्रियापदाकडे परत येतो आणि ‘आय डोन्ट नो व्हेन द बस लीव्ह्ज’ असे सरळ क्रमाचे वाक्य तयार होते. आपली मुले ‘आय डोन्ट नो व्हेन डझ द बस लीव्ह’ म्हणतात, कारण आतला प्रश्न मोडायचा असतो ही कल्पनाच त्यांच्या भाषेत नाही. बाजारात आणि ऑटोत ती जी हिंदी बोलतात, तिच्यातही नाही. त्यामुळे इतर बाबतीत उपयोगी पडणारी नागपूरकरांची दुसरी भाषा इथे मदतीला येत नाही. प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल, तर मुळात क्रम उलटलेला नसल्याने ‘हू केम?’ आणि ‘आय नो हू केम’ यांत काहीच बदलत नाही. हे वेगळे सांगितले नाही, तर नियम कधी लागतो आणि कधी लागत नाही, असा मुलांचा समज होतो.

याहून खोल फरक दुसऱ्याचे बोलणे सांगताना दिसतो. एका विद्यार्थ्याने मला लिहिलेला निरोप असा होता: ‘माय फादर सेड दॅट आय विल पे द फीज ऑन मंडे.’ त्याच्या मनातले मराठी वाक्य निर्दोष होते: ‘बाबा म्हणाले की मी सोमवारी फी भरतो.’ या वाक्यातला ‘मी’ म्हणजे बाबा, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, कारण ‘की’नंतर आपण मूळ बोलणाऱ्याला त्याच्याच तोंडाने बोलू देतो. इंग्रजीतल्या ‘दॅट’नंतर ती मुभा नाही. तिथे सर्वनामे सांगणाऱ्याच्या बाजूने ठरतात आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर आतला काळही सहसा मागे सरकतो. म्हणून ‘माय फादर सेड दॅट ही वुड पे द फीज ऑन मंडे’ असे लिहावे लागते. मुलाने लिहिलेल्या वाक्याचा इंग्रजीत अर्थ, फी तो स्वतः भरणार, असा होतो. चूक एका सर्वनामाची असली तरी पैसे भरणारा माणूसच बदलतो, आणि म्हणून ही बाब काळाच्या तक्त्यांआधी शिकवावी असे मला कळकळीने वाटते.

मराठीचा आधार मात्र एका ठिकाणी फार सुंदर मिळतो. ‘तो कुठे आहे हे तुला माहीत आहे का?’ आणि ‘तो कुठे आहे असे तुला वाटते?’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते. दुसऱ्याला जागेचे नावच सांगावे लागते. इंग्रजी हा भेद शब्दांच्या जागेने दाखवते: पहिले ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ आणि दुसरे ‘व्हेअर डू यू थिंक ही इज?’ मुले हमखास ‘डू यू थिंक व्हेअर ही इज?’ म्हणतात, परंतु मराठी वाक्यात ‘हे’ येते की ‘असे’, हे आधी पाहायला लावले की बरीच मुले प्रश्नशब्द आपणहून आरंभी नेतात. ही खूण वाटणे, म्हणणे अशा क्रियापदांपुरतीच वापरावी. ‘विचारणे’ ‘असे’ घेत असले तरी ‘ही आस्क्ड व्हेअर आय लिव्ह्ड’ यात प्रश्नशब्द आतच राहतो.

प्रीपोझिशनच्या बाबतीत हाच आधार फसवा ठरतो. ‘तो येईल ह्याची मला खात्री आहे’ यातल्या ‘ह्याची’चा प्रत्यय पाहून मुले ‘आय अॅम शुअर ऑफ दॅट ही विल कम’ लिहितात. इंग्रजीत ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या नामवाक्यापूर्वी प्रीपोझिशन सहसा गळून पडते, म्हणून ‘आय अॅम शुअर दॅट ही विल कम’. प्रश्नशब्दाने सुरू होणाऱ्या नामवाक्यापूर्वी मात्र ते येऊ शकते: ‘इट डिपेंड्स ऑन हाऊ मच यू प्रॅक्टिस.’ अशा जागी ‘की नाही’ या अर्थाने ‘व्हेदर’ चालते, ‘इफ’ चालत नाही.

सरावासाठी मी तयार वाक्ये देत नाही. एका मुलाने दुसऱ्याला सीताबर्डीहून झीरो माइलच्या दगडापर्यंतचा रस्ता इंग्रजीत विचारायचा, आणि तिसऱ्याने वर्गाला सांगायचे की पहिल्याने काय विचारले व दुसऱ्याने काय उत्तर दिले. तिसऱ्याचे काम सर्वांत कठीण असते, म्हणून ते प्रत्येकाच्या वाट्याला येईपर्यंत मी पुढचा घटक सुरू करत नाही.