ताईच्या बँकॉकची तयारी

आज दुपारभर ताईची फाइल घेऊन बसलो होतो. दोन बाळंतपणं, मग कष्टाने उतरवलेलं वजन. पोटाची सैल कातडी मात्र तशीच राहिली. ती काढून पोट घट्ट करायचं ऑपरेशन, टमी टक, ताई बँकॉकला करून घेतेय. "कशाला ही हौस?" म्हणणाऱ्यांनी तिचा उन्हाळा पाहिलेला नाही. घडीखाली घामाने पुरळ उठतं, सुती रुमाल दुमडून ठेवावा लागतो. मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

पण पॅकेजमध्ये चौथ्याच दिवशी परतीचं विमान! मोठं ऑपरेशन आणि विमानप्रवास, दोन्हींनी पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस टमी टकनंतर 7 ते 10 दिवस विमान टाळायला सांगते. तिकीट लगेच पुढे ढकललं.

साधा प्रवास विमा अशा ऑपरेशनमधली गुंतागुंत सहसा धरत नाही, म्हणून वेगळी चौकशी केली. परतल्यावर जखम चिघळली तर कोण बघणार, हेही इथल्या सर्जनशी आधीच बोलून ठेवलं.

भूल कोण देणार, त्यांचं नाव अजून तिकडून आलेलं नाही. ते लेखी आल्याशिवाय उरलेले पैसे भरायचे नाहीत, असं ताईला बजावलंय.