तंबूतलं घर आणि होनोलुलूची वाळवी

परवा स्टेटसला फोटो टाकला होता, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या कापडात अख्खं घर छपरासकट गुंडाळलेलं, तर निम्म्या लोकांनी विचारलं लग्न कोणाचं आहे म्हणून. लग्न नाही हो, वाळवी. हवाई बेटांवरच्या होनोलुलूत याला टेंटिंग म्हणतात, घर असं झाकून आत विषारी गॅस सोडायचा आणि वाळवी मारायची, आणि इथे हे इतकं नेहमीचं आहे की असं घर दिसलं तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

आम्ही भाड्याने राहतो ते घर जुनं लाकडी आहे. उसाच्या मळ्यांच्या काळात इथे घरं बांधायची एक पद्धत होती, एकच पातळ भिंत, तीही रेडवुडच्या फळ्यांची, आणि खाली खांब टेकवलेले काँक्रीटच्या छोट्या ठोकळ्यांवर, त्या ठोकळ्यांना इथले लोक चक्क टोफू ब्लॉक म्हणतात. दिसायला झकास, हवेशीर, आणि वाळवीसाठी आयतं ताट. मालकीणबाई (त्यांना सगळं गाव आंटी म्हणतं, आपल्यासारखंच इथेही नातं लागायची गरज नसते) महिनाभर आधी सांगून गेल्या की खिडकीच्या चौकटीखाली रोज सकाळी बारीक दाणे पडतायत, आता टेंट करावाच लागेल.

ते दाणे अगदी खसखशीसारखे. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला सहा कडा. ही झाली कोरड्या लाकडातली वाळवी, शास्त्रीय नाव क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस, आणि ते दाणे म्हणजे तिची विष्ठा, एका बारीक भोकातून ती बाहेर ढकलत राहते. हिला माती लागत नाही, ओलावा लागत नाही, एका खुर्चीच्या पायात अख्खा संसार मावतो, म्हणूनच तर ती फर्निचरमधून, पेटाऱ्यांमधून, जहाजांच्या लाकडातून जगभरच्या बेटांवर जाऊन बसली. मूळची ती पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या पट्ट्यातली. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर आंग्रा दो इरोइज्मो नावाचं जुनं सुंदर शहर आहे, युनेस्कोच्या यादीतलं, तिथे हीच वाळवी 2000 च्या सुमारास लक्षात आली तोवर जुन्या घरांची छपरं आणि जिने आतून पोकळ व्हायला लागले होते.

तर तंबू. आधी घर रिकामं करायचं, म्हणजे माणसं, कुत्रीमांजरं, मासे, कुंड्या (आमची तुळस शेजाऱ्यांकडे), आणि स्वयंपाकघर. आणि इथे माझी खरी दमछाक झाली कारण नियम असा की कंपनीतून पूर्ण हवाबंद आलेला डबा किंवा बाटली सोडली तर उघडलेलं सगळं खास नायलॉनच्या पिशव्यांत एकात एक घालून बांधायचं नाहीतर घराबाहेर न्यायचं, आणि आपला स्टीलचा डबा कितीही घट्ट बसला तरी तो हवाबंद धरत नाहीत, मग डाळी, तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट, आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं, औषधं, सगळं पिशव्यांत. गॅस कंपनीचा माणूस येऊन गॅस बंद करतो. मग पोरं छपरावर चढून कापडं सोडतात, शिवणी चिमट्यांनी घट्ट आवळतात, खालच्या कडेवर वजनाच्या लांब पिशव्या ठेवतात, आणि आत सल्फ्युरिल फ्लोराईड सोडतात. हा गॅस दिसत नाही, वास येत नाही, माणसालाही मारतो. म्हणून आधी थोडं क्लोरोपिक्रिन सोडतात, त्याने डोळ्यांची इतकी आग होते की कोणी चुकून आत राहिलंच तर धावत बाहेर येईल. तरीही चोऱ्या करायला तंबूत शिरणारे महाभाग असतात म्हणे.

आपण दोन-तीन रात्री बाहेर. परतायच्या आधी मीटरने मोजतात, हवेत गॅस दहा लाखात एक भाग किंवा त्याहून कमी असेल तरच दारावर परत यायची परवानगी चिकटवतात.

गॅस लाकडाच्या पार आत जातो आणि आतल्या कोरड्या लाकडातल्या वाळवीला मारतो, यात वाद नाही. पण मागे काहीच उरत नाही. आज तंबू काढला आणि उद्या संध्याकाळी पंखवाली जोडी उडत येऊन छपराच्या फटीत शिरली तर तिला अडवणारं घरात काहीही नाही. शिवाय हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या काही हजार पट भारी आहे, हे मला नंतर कळलं आणि ते लोणच्यापेक्षा जास्त खटकलं.

आणि इथली खरी महामाया वेगळीच आहे, जमिनीतली, फॉर्मोसन वाळवी, कॉप्टोटर्मिस फॉर्मोसॅनस. दक्षिण चीन आणि तैवानकडची. हवाईत ती 1907 मध्ये पहिल्यांदा पकडली गेली, म्हणजे आली त्याच्याही आधी, जहाजाच्या मालातून. एकेका वसाहतीत लाखोंनी कामकरी, मातीतून शंभर मीटरपर्यंत बोगदे, आणि लाकूड खाता खाता वाटेत प्लॅस्टिक आलं, फोम आला, तर तेही कुरतडून पुढे जायचं. उंच इमारतीच्या गच्चीवर पाणी मुरत असेल तर तिला जमिनीचीही गरज उरत नाही, तिथेच वरच्या वर घर करते. हवाईत या वाळवीपायी वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर पैसा जातो असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून लष्करी सामान अमेरिकेत परत गेलं त्याच्यासोबत ही न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोचली, आता त्या लोकांनाही तीच डोकेदुखी.

मे-जूनमध्ये वारा पडलेल्या दमट संध्याकाळी ही थव्यांनी उडते. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्यावर पाखरं येतात आणि खाली परातीत पाणी ठेवतात ना, इथेही लोक तेच करतात, नाहीतर तासभर दिवे बंद करून अंधारात बसतात.

तंबूचा या बाईवर काडीचा उपयोग नाही, कारण तुम्ही घर गुंडाळलंत आणि ती बसलीय अंगणाखाली. पूर्वी घराच्या पायाखालच्या मातीत क्लोरडेन नावाचं कीटकनाशक ओतायचे, ते दशकानुदशकं टिकायचं, आणि म्हणूनच घातक होतं, 1988 मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. आपल्याकडे भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडतात, तोच विचार. पण औषध विरतं, एखादी जागा राहून जाते, आणि लाखोंच्या वसाहतीला एक राहिलेली जागा पुरते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र औषधच नाही, दगड आहे. इथल्या युनिव्हर्सिटीत कीटकशास्त्रज्ञ मिनोरू तामाशिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसाल्टची खडी चाळून अशा मापाची काढली, साधारण दोन मिलिमीटरची, की वाळवीला तो खडा तोंडात धरून हलवता येत नाही आणि दोन खड्यांच्या मधून अंगही काढता येत नाही. चार इंचाचा थर फरशीच्या खाली घातला की संपलं. कल्पना पूर्णपणे नवी नव्हती, 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात वाळूवर असे प्रयोग झाले होते, पण ज्वालामुखीच्या बेटावर बसाल्टच वापरायचा हे मला फार पटलं. (सह्याद्रीही त्याच दगडाचा आहे, सहज सांगतोय.) अडचण एकच, बांधतानाच घालावी लागते, उभ्या घराखाली कोण घालणार.

उभ्या घरासाठी आमिष. घराभोवती जमिनीत डबे पुरतात, त्यात वाळवीला आवडणारा सेल्युलोज आणि त्यात मिसळलेलं असं औषध की कीड कात टाकू शकत नाही. लगेच मेली तर बाकीच्या तिकडे फिरकणार नाहीत, म्हणून हळू मारायचं, तोवर तोंडातून तोंडात ते अख्ख्या वसाहतीत वाटलं जातं, आणि कामकरीच उरले नाहीत की राणीला भरवणार कोण. हे ज्यांनी बाजारात आणण्यापर्यंत नेलं ते नान-याव सू मूळचे तैवानचे, पीएचडी होनोलुलूत तामाशिरोंकडे. वाळवीही तैवानची, काळही तैवानचा.

आता आमच्या घराचं. तंबू काढताना पेस्ट कंट्रोलवाल्या पोराने घराखाली बॅटरी मारली तर मागच्या टोफू ब्लॉकवरून मातीची एक वाकडी रेघ वर फळीपर्यंत गेलेली, जमिनीतल्या वाळवीचा रस्ता. म्हणजे दोन्ही पाहुण्या एकाच घरात, आणि एवढा खटाटोप झाला तो फक्त एकीसाठी. आंटी कपाळाला हात लावून पायरीवरच बसल्या. त्याने ती रेघ बोटाने जराशी फोडली, दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बुजवलेली, म्हणजे आत वावर चालू. आता घराभोवती आमिषाचे डबे पुरलेत, दर थोड्या महिन्यांनी तो येऊन झाकणं उघडून बघणार आहे, आणि आंटींनी मला काम दिलंय की मागच्या एसीचं पाणी जे घराला लागून ठिबकतं त्याला पाइप लावून लांब सोडायचं. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात जातोय.